परदेशी खेळयंत्रांचे दुभाषी

यंत्र देशांतर करते तेव्हा ते एकटे जात नाही. ज्या देशात ते जन्मले तेथील विजेचा दाब, तेथील मोजमापे, तेथील खुंट्या आणि खाचा हा सारा संसार त्याच्याबरोबर निघतो, आणि नव्या देशी पोचल्यावर प्रथम याच संसाराची अडचण होते. मनुष्य परभाषा शिकू शकतो; यंत्रास ती सोय नाही. त्याच्यासाठी दुभाषी नेमावा लागतो. यंत्रांच्या इतिहासात अशा दुभाषांची नोंद क्वचितच होते. शोध लावणाऱ्याचे नाव राहते, कारखानदाराचे राहते. पण परके यंत्र आपल्या घरात चालावे म्हणून मध्ये बसविलेली ती लहानशी डबी, ती तार, ती पट्टी यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. आज आपण अशाच काही उपेक्षित साधनांचा विचार करणार आहोत. ती साधने आहेत मुलांच्या खेळयंत्रांची, म्हणजे दूरदर्शनसंचाला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमची.

या विषयासाठी मी भिलाईची निवड केली, त्यास कारण आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यापूर्वी नागपूरकर भोसल्यांचा अंमलही या भूमीने पाहिला होता. मराठी माणसास हा मुलूख परका नव्हता. परकी होती ती यंत्रे. सोव्हिएत तज्ज्ञ आले, त्यांच्याबरोबर दुभाषी आले, रशियन आराखड्यांची भाषांतरे झाली, आपले अभियंते शिक्षणासाठी तिकडे गेले. लोखंड वितळविण्यापूर्वी तेथे भाषेची अडचण वितळवावी लागली.

कारखान्याभोवती आखीव रस्त्यांची वसाहत उभी राहिली आणि तिच्या भागांस नावांऐवजी क्रमांक मिळाले. सेक्टर १० हा त्यांपैकीच एक. घर कारखान्याचे, शाळा कारखान्याची, आणि शेजारी भारताच्या सर्व प्रांतांतून आलेले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात देशातील लहानमोठ्या शहरांत मुलांची खेळयंत्रे शिरली, तेव्हा अशा नोकरदार वसाहती त्यास अपवाद राहिल्या नाहीत. कारखान्यात अवाढव्य परदेशी यंत्र आणि घरी तळहाताएवढे परदेशी यंत्र, असे दृश्य झाले. मोठ्याची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. लहानाची सांगावयाची राहिली आहे.

प्रारंभी ही खेळयंत्रे एकमार्गी असत. जो खेळ आत बसविला असेल तोच खेळावयाचा. १९७६ साली अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीने जेरी लॉसन यांच्या देखरेखीखाली असे यंत्र आणले, की ज्यातील खेळ स्वतंत्र पेटीत असे आणि ती पेटी बदलता येई. व्यापारी तिला कार्ट्रिज म्हणत. आपल्याकडील मुलांनी तिला कॅसेट म्हटले, आणि आपणही तेच म्हणू. पुढे १५ जुलै १९८३ रोजी जपानच्या निंटेंडो कंपनीने फॅमिकॉम नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याची किंमत १४,८०० येन होती. १९८५ साली तेच यंत्र निराळ्या पेहरावात अमेरिकेत गेले. आपल्याकडील 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' यांचे कुलमूळ या घराण्यात आहे.

परंतु मूळ जपानी यंत्र भारतीय घरात सहजासहजी येणे शक्य नव्हते. १९९१ च्या सुमारास आयात मालावरील कमाल जकात दीडशे टक्के होती. ती उतरत उतरत १९९५-९६ साली पन्नास टक्क्यांवर आली. शिवाय ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील परवान्यांची बंधने होती, आणि त्यांतील अखेरची १ एप्रिल २००१ रोजी उठली. १९९५ साली जपानच्या सेगा कंपनीने शॉ वॉलेस या भारतीय कंपनीशी विक्रीचा करार केला, तोही या जकातीच्या भिंतीतून वाट काढण्याचाच एक प्रयत्न होता. अस्सल यंत्र आले तर ते बहुधा परदेशाहून परतणाऱ्या नातलगाच्या सामानातून येई. सामान्य घरात आली ती नक्कल. तैवानमधील चिपांवर उभारलेली फॅमिकॉमची ही प्रतिरूपे समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांनी विकली जात, आणि त्यांच्या कॅसेटवर ९,९९९ किंवा ९,९९,९९९ खेळ असल्याची घोषणा असे. उघडून पाहता खेळ थोडेच निघत. तोच खेळ दुसऱ्या पातळीपासून, तिसऱ्या पातळीपासून सुरू करून यादी लांबविलेली असे. आत पाहिले तर पायांची चिप नसे. पट्टीवर काळ्या राळेचा एक थेंब असे, आणि त्याखाली सगळा संसार दडविलेला असे.

नक्कल म्हणजे केवळ चोरी, असे म्हणून येथे थांबता येत नाही. कारण नक्कल करणाऱ्याने दुभाषाचे एक मोठे काम केले होते. ते समजण्यासाठी अस्सल जपानी फॅमिकॉम भिलाईच्या एखाद्या घरात आणला असता काय झाले असते, याचा विचार करावा.

पहिली अडचण विजेची. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. जपानी अ‍ॅडॅप्टर आपल्या भिंतीत खुपसला तर तो जळणार हे उघडच आहे. पण दुसरी खोच अधिक फसवी आहे. फॅमिकॉमला १० व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. अमेरिकेत गेलेल्या त्याच्याच भावंडाचा अ‍ॅडॅप्टर मात्र ९ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह देतो, कारण तो प्रवाह सरळ करण्याची सोय त्या यंत्राच्या पोटात आहे. जपानी यंत्रात ती नाही. दोघांच्या पिना दिसावयास सारख्या. म्हणून एकाचा अ‍ॅडॅप्टर दुसऱ्यास लावून यंत्रे निकामी झाल्याची उदाहरणे जगभर घडली. आजही कोणी जुने यंत्र मागविले तर प्रथम पाहावयाची गोष्ट हीच.

दुसरी अडचण दूरदर्शनसंचाची. फॅमिकॉम आपले चित्र जपानच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वाहिनीवर पाठवी, म्हणजे ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. भारतीय संच ४७ ते ६८ आणि १७४ ते २३० मेगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत शोध घेई. यंत्र एका गल्लीत हाक मारीत आहे आणि संच दुसऱ्या गल्लीत कान देऊन उभा आहे, अशी ही अवस्था. समजा एखाद्या कुशल दुरुस्तीवाल्याने चित्र मिळविले, तरी आवाज येत नसे. कारण जपानी पद्धतीत चित्र व आवाज यांच्या लहरींत साडेचार मेगाहर्ट्झचे अंतर, तर आपल्या पद्धतीत साडेपाचचे. १५ ऑगस्ट १९८२ पासून आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने, ६२५ रेषांचे व सेकंदास ५० स्पंदनांचे. जपानी पद्धत ५२५ रेषांची व ६० स्पंदनांची. तेव्हाच्या पुष्कळ संचांवर जपानी चित्र रंग हरवून बसे आणि वरखाली धावू लागे.

तैवानच्या यू.एम.सी. कंपनीने पाल देशांसाठी ज्या चिपा केल्या, त्यांनी ही सर्व भाषांतरे यंत्राच्या आतच उरकली. आणि त्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. जपानी यंत्रात मुख्य चिप एक पाऊल टाकी तेव्हा चित्राची चिप तीन पावले टाकी. निंटेंडोने स्वतः युरोपासाठी यंत्र केले तेव्हा हे प्रमाण ३.२ झाले, मुख्य चिपेची गती उतरली, गाण्याचे सूर खाली आले आणि काही जपानी कॅसेट अडखळू लागल्या. तैवानी नकलेने तीनाचे प्रमाण कायम ठेवले. सेकंदास ६० ऐवजी ५० चित्रे आली, खेळ थोडा संथ झाला. पण जपानी कॅसेट तिला मूळ कंपनीच्या युरोपीय यंत्राहून अधिक नीट समजत असे. अशाच चिपांवरील प्रतिरूप १९९२ साली रशियात 'डेंडी' नावाने निघाले आणि घरोघर गेले. भिलाईस झोतभट्टी देणारा देश आणि ती घेणारा देश, दोघांच्याही मुलांच्या हाती तैवानचा एकच अनुवाद पडला, ही इतिहासाची गंमत खरी.

तिसरी अडचण खाचेची. जपानी कॅसेटला ६० संपर्कबिंदू, अमेरिकी कॅसेटला ७२. बाराचा हा फरक सहज पडलेला नव्हता. जपानी खाचेतील ध्वनीचे दोन बिंदू अमेरिकी खाचेतून वगळले गेले. दहा भावी विस्तारासाठी घातले. आणि चार बिंदू एका पहारेकरी चिपेसाठी राखले. ही चिप कॅसेटमध्येही असावयाची आणि यंत्रातही. दोघींचा संवाद जुळला नाही तर यंत्र दर सेकंदास पुन्हा पहिल्यापासून सुरू होई आणि पडदा लुकलुकत राही. तेव्हा ६० ची कॅसेट ७२ च्या यंत्रात चालविण्यासाठी जी पट्टी लागे, तीत केवळ तारा जोडून भागत नसे. पहारेकऱ्याची संमतीही तीत असावी लागे. मौज अशी, की अमेरिकेत १९८५ साली निघालेल्या 'जायरोमाइट' या खेळाच्या पुष्कळ कॅसेट फोडून पाहिल्या तर आत जपानी पट्टी आणि तिला जोडलेला असाच एक दुभाषी सापडतो. सीमेचे कुलूप आणि त्याची किल्ली, दोन्ही एकाच कारखान्यातून निघाली होती.

वगळलेल्या त्या दोन ध्वनिबिंदूंची किंमत कोणी दिली? १९८९ साली कोनामी कंपनीने 'अकुमाजो देन्सेत्सु' हा खेळ जपानात काढला. त्याच्या कॅसेटमध्ये संगीतासाठी एक जादा चिप होती आणि तिचा आवाज त्या दोन बिंदूंतून यंत्रात जाई. पश्चिमेकडे तोच खेळ निराळ्या नावाने गेला तेव्हा ती चिप गेली आणि संगीत दुबळे झाले. प्रत्येक अनुवादात काहीतरी गळते, हे साहित्याच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. यंत्रांच्या अनुवादासही तो नियम लागू आहे.

उपसाधनांपैकी मुलांची अत्यंत आवडती म्हणजे बंदूक. तिच्यातून काहीच सुटत नसे. उलट तीच पडद्याकडे पाहत असे. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि नळीतील प्रकाशग्राही घटकास तो उजेड दिसला तर नेम लागला असे ठरे. हे सारे काचेच्या जुन्या नळीवर अवलंबून होते, कारण तेथे उजेड तत्काळ उमटतो. आजच्या चपट्या पडद्यावर चित्र उशिरा पोचते आणि बंदूक आंधळी होते. चित्राची भाषा बदलून देणाऱ्या डब्या आज मिळतात. पण या बंदुकीसाठी जुना संचच सांभाळावा लागतो.

आता फ्लॅश कॅसेटकडे वळू. १९८४ साली तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी एक नवी स्मृतिचिप विद्वानांपुढे मांडली. तिच्यातील मजकूर कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखा एकदम पुसता येई, म्हणून तिला फ्लॅश हे नाव पडले. फ्लॅश कॅसेट म्हणजे अशी पेटी, की जिच्यातील खेळ पुसून दुसरा लिहिता येतो. हे काम दिसते तितके सोपे नाही. फॅमिकॉमची मुख्य चिप कॅसेटमधील खेळाचा ३२ किलोबाइटांचाच भाग एका वेळी पाहू शकते. मोठ्या खेळांच्या कॅसेटमध्ये पाने उलटून देणारी स्वतंत्र चिप असे, आणि तिचे प्रकार पुष्कळ. म्हणून चांगल्या फ्लॅश कॅसेटमध्ये पुनःपुन्हा नवी मांडणी करता येणारी चिप बसविलेली असते. जो खेळ निवडावा त्याच्या पाने उलटणाऱ्या चिपेचे सोंग ती घेते. युक्रेनमध्ये बनणारी 'एव्हरड्राइव्ह' या घराण्यातली. स्वस्त नकलांत एक धोका असतो: जुने यंत्र ५ व्होल्टवर बोलते, नव्या चिपा ३.३ व्होल्टवर, त्यांच्यामध्ये पातळी जुळविणारा भाग पैसे वाचविण्यासाठी गाळला तर दोघांवर ताण पडतो आणि हानी पोचू शकते. दुभाषी स्वस्तात मिळाला तर तो धन्याचेच नुकसान करतो.

पुसून लिहिण्याची ही कल्पना चोरांच्या डोक्यातून निघाली, अशी समजूत आहे. ती इतिहासास धरून नाही. १९८६ साली निंटेंडोनेच फॅमिकॉमला तबकडीचे एक उपसाधन जोडले. जपानी दुकानांत यंत्रे ठेवली गेली आणि ५०० येन देऊन जुन्या तबकडीवर नवा खेळ लिहून घेता येऊ लागला. १९९७ साली त्याच कंपनीने पुढील पिढीच्या यंत्रासाठी खरीखुरी फ्लॅश कॅसेट काढली; लॉसन नावाच्या किरकोळ दुकानांच्या साखळीत ती भरून मिळे, आणि २००७ साली ती सेवा बंद झाली. मधल्या काळात तैवान व हाँगकाँग येथील नक्कलयंत्रे कॅसेटमधील खेळ फ्लॉपीवर उतरवू लागली होती. तेव्हा साधन एकच; कोणाच्या हाती, कोणाच्या अनुमतीने आणि कशासाठी, एवढाच प्रश्न.

न्यायालयांनीही या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली. खेळातील नियम तात्पुरते बदलणारे 'गेम जिनी' हे उपसाधन निंटेंडोने अमेरिकेत न्यायालयात खेचले. १९९२ साली निकाल उपसाधनाच्या बाजूने लागला. २००९ साली टोकियोच्या न्यायालयाने मात्र हातयंत्रासाठीच्या एका फ्लॅश कार्डाची विक्री थांबविण्याचा हुकूम दिला, कारण तिचा हेतू चोरीचे खेळ चालविणे हाच ठरला. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली संगणकीय आज्ञावलीचा समावेश झाला. ज्याच्याजवळ ती न्याय्य मार्गाने आली आहे त्यास नाश, हानी वा हरवणे यांपासून तात्पुरते रक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा तो कायदा देतो. २०१२ च्या दुरुस्तीने संरक्षक कुलपे चोरीच्या हेतूने मोडणे हा गुन्हा ठरविला. स्वतः घेतलेल्या कॅसेटची राखीव प्रत आणि बाजारातून उचललेले हजार खेळ यांत कायदा भेद करतो, आणि तो भेद वाजवी आहे.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकास एक निराळीच चिंता वाटते. कॅसेट अमर नाहीत. खेळाची प्रगती जपणाऱ्या कॅसेटमधील नाण्याएवढी बॅटरी वीसतीस वर्षांत संपते; संपर्कबिंदू गंजतात, आणि त्यावर घराघरांतून मारलेली फुंकर ओलाव्याने गंज वाढवीतच आली. २०२३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत असे दिसले, की तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. ही ज्या देशात हे खेळ अधिकृतपणे विकले गेले तेथील कथा. आपली स्थिती याहून बिकट. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांत पोचती करावी लागते. दोन आण्यांची गोष्टीची पुस्तिका या न्यायाने जपली जाऊ शकते. पण ज्या कॅसेटने एका पिढीची उन्हाळ्याची सुटी व्यापली तिची प्रत कोठेही द्यावी लागत नाही. द्यावयाची म्हटले तरी देणार कोण? तिचा प्रकाशक स्वतःच लपून होता.

येथेच खरी गाठ आहे. भारतातील खेळयंत्रांचे अस्सल दस्तऐवज म्हणजेच नकला आहेत. ९,९९९ खेळांच्या त्या कॅसेटमधील खोटी यादी, बदललेली नावे, पुसलेले कंपन्यांचे शिक्के यांतच त्या काळचा आपला बाजार, आपली जकात आणि आपली हौस उमटलेली आहे. जपानी मूळ प्रती जपानात जपल्या जातील. ही भ्रष्ट पाठांतरे मात्र आपण जपली नाहीत तर कोणी जपणार नाही. जुन्या पोथीच्या अभ्यासकास लेखकूच्या चुकाही मोलाच्या असतात, कारण पोथी कोठे व कशी फिरली हे त्यांवरून कळते. तोच न्याय येथे लावावा. कॅसेट वाचून तिचा मजकूर उतरवून घेणारी साधने आज उपलब्ध आहेत; आणि उतरवून घेतलेला मजकूर पुन्हा मूळ यंत्रावर, मूळ गतीने, मूळ नळीवर पाहण्यास फ्लॅश कॅसेट उपयोगी पडते. चोराचे म्हणून हिणवलेले हे साधन ग्रंथपालाचेही साधन आहे.

सेक्टर १० मध्ये किंवा अशा कोणत्याही वसाहतीत माळ्यावर एखादे जुने यंत्र पडले असेल, तर ते भंगारात घालण्यापूर्वी एवढे करावे: ते कोणत्या वर्षी, कोठून, किती रुपयांस घेतले हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे, कॅसेटच्या वरच्या चित्राचे व आतल्या पट्टीचे छायाचित्र घ्यावे, आणि अ‍ॅडॅप्टर, तार, बंदूक, जोडपट्टी ही उपसाधने यंत्रापासून वेगळी करू नयेत. कारखान्याचे आराखडे, करार, छायाचित्रे यांचे जतन करावे हे आता कोणास सांगावे लागत नाही. घरातील लहान यंत्राच्या बाबतीत तेवढीच काळजी घेतली, तर पुढे कोणी विचारील की परदेशी खेळ भारतीय मुलांच्या हाती आला कसा, तेव्हा त्यास उत्तर देणारे दुभाषी शिल्लक राहिलेले असतील.